मालक नसलेला फळा

१

सतरा नंबरची गाडी ऋषभ कुलथेच्या अंगावरून गेली, तेव्हा तिच्या लेखी त्या आवारात कुणीच नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी, रॉटरडॅम बंदराच्या मागच्या अंगाला, एका कंपनीच्या चाचणीच्या आवारात हे घडलं. गाडी म्हणजे चालक नसलेला, सपाट पाठीचा, बसएवढा लांब गाडा. जहाजातून उतरलेला कंटेनर पाठीवर घ्यायचा आणि सांगितलेल्या जागी नेऊन ठेवायचा, एवढंच त्याचं काम. या गाड्यांना माणूस दिसत नाही. म्हणून आवाराला कुंपण, कुंपणाला एक फाटक आणि फाटकाला किल्ली. किल्ली फिरवली की माणूस आत येतोय हे संगणकाला कळतं आणि गाड्या जागच्या जागी थांबतात. निदान थांबायला हव्यात.

ऋषभ एकतीस वर्षांचा होता, नाशिकचा. त्या फाटकाचं सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं आणि तिथेच कंपनीचं काम सोपं झालं होतं.

प्रमिला गजभियेला कंपनीने बोलावलं ते पुढच्या सोमवारी. ती मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायची आणि एखादं यंत्र माणसाच्या जिवावर उठलं की असं का झालं ते शोधून द्यायची. वय बावन्न, उंची बेताची, आणि चष्म्यावरून बघायची खोड अशी की समोरच्याने न केलेला गुन्हाही कबूल करावा. शुक्रवारी अहवाल कामगार सुरक्षेच्या निरीक्षकांकडे जाणार होता. मसुदा तयार होता. त्यात म्हटलं होतं की नोंदीनुसार फाटक उघडलंच गेलं नाही. म्हणजे एक तर कुलथेने किल्ली फिरवली नाही, किंवा फिरवली आणि त्याच्याच प्रोग्रॅमने ती नोंदवली नाही. खाली फक्त प्रमिलाची सही हवी होती.

"म्हणजे कुठल्याही बाजूने बघितलं तरी मेलेलाच दोषी," ती संचालकांना म्हणाली. संचालकांनी खेद वाटतो असं सांगितलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

ती आधी ऑफिसात न बसता ऋषभच्या घरी गेली. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचं दार ऋजुताने, त्याच्या बायकोने उघडलं. ओट्यापाशी एक उंच माणूस डबे रिकामे करत होता. अरुण देवस्थळी. प्रमिला पूर्वी पुण्याला शिकवायची तेव्हा तिच्या हाताखाली शिकलेला, आता या कंपनीचा मुख्य आर्किटेक्ट. प्रमिलाला बोलवा असं त्यानेच सुचवलं होतं.

"ताई, या," तो म्हणाला. "हिने दोन दिवस काही खाल्लेलं नाही. माझ्या बायकोने पोळीभाजी पाठवलीय."

मृतदेह नाशिकला पाठवण्याची कागदपत्रं, गेमेंटेचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे खेटे, छोट्या मुलीला शाळेतून आणणं, सगळं अरुणच बघत होता. ऋजुता त्याला अरुणदादा म्हणत होती. प्रमिला समोर बसली तशी ऋजुताने एकच गोष्ट विचारली.

"त्याने किल्ली फिरवली होती का, एवढं सांगा मला. सासूबाई फोनवर रोज विचारतात. लोक म्हणतायत, स्वतःच्याच चुकीने गेला. उद्या मुलगी मोठी होऊन हेच वाचणार का?"

"फिरवली असेल असं तुम्हाला का वाटतं?"

"सायकलला कुलूप लावून दोनदा ओढून बघणारा माणूस तो. मॅडम, तो घाबरट होता. घाबरट माणूस असा मरत नाही."

प्रमिलाने पिशवीतून पोलिसांनी घेतलेला फाटकाचा फोटो काढला. कुलपात किल्ली होती. आणि ती आडवी होती, म्हणजे पूर्ण फिरवलेली.

२

"किल्ली आडवी होती हे मला माहीत आहे," अरुण दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हणाला. "म्हणजे दुसरी शक्यता. त्याच्या कंपोनंटने ते लिहिलंच नाही. ताई, मला हे म्हणताना काय वाटतं ते तुम्हाला नाही सांगता येणार. पण त्याचा कंपोनंट पहिल्यापासून डळमळीत होता."

इथे वाचकाला थोडं संगणकाच्या पोटात शिरावं लागेल, त्याला इलाज नाही. प्रमिला पुण्याला पोरांना हे असं सांगायची. ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे एक इमारत समजा. प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे कंपोनंटला, स्वतःची खोली आणि खोलीला आतून कडी. एकाच्या खोलीत आग लागली तर दुसऱ्याची जळू नये, हा हेतू. पण खोल्यांना एकमेकांशी बोलावं तर लागतं. मग मधल्या झरोक्यात एक फळा टांगायचा. शेअर्ड मेमरी ती हीच. एकजण लिहितो आणि ज्यांच्याकडे पास आहे ते वाचतात. फळा कुणाला द्यायचा, पास कुणाला द्यायचे आणि फळा कधी उतरवायचा, हे मेमरी मॅनेजर नावाचा एकच कंपोनंट ठरवतो.

इथे फळ्यावर लिहायचा तो ऋषभचा फाटकाचा कंपोनंट. वाचणारे दोघे. एक गाडी चालवणारा कंपोनंट आणि दुसरा सगळ्याची नोंद ठेवणारा. मेमरी मॅनेजर अरुणचा होता.

"आणि लिहिणारा मध्येच कोसळला तर?" प्रमिलाने विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"तुम्हीच शिकवलंय. लिहिणारा पडला की त्याचा फळा त्याच क्षणी उतरवायचा. गाडीला समोर काहीच वाचता येत नाही, ती ब्रेक मारते. फाटकाचा कंपोनंट पुन्हा उभा राहतो, नवा फळा मागतो. मग माणूस जाऊन गाडी पुन्हा सुरू करतो."

"म्हणजे कंपोनंट पडला तरी कुणी मरत नाही."

"नाही. फक्त काम थांबतं." अरुण टेबलाकडे बघत म्हणाला. "पडला नाही, पण चुकीचं लिहिलं, तर मात्र मरतो."

नोंद ठेवणारा कंपोनंट यश सबनीसचा होता. यश सव्वीस वर्षांचा पोरगा. प्रमिलाने खुर्ची ओढली, तसा तो उभाच राहिला.

"बस. त्या दिवशी ऋषभबरोबर फाटकापाशी कोण होतं?"

"मॅम, तो एकटाच होता."

"आवारात एकट्याने जायचं नाही, असा नियम तुमच्याच भिंतीवर लावलाय. दुसरा कोण असायला हवा होता?"

यशचा चेहरा उतरला. खालच्या मानेने तो म्हणाला, "मी. दुसरा माणूस मीच होतो."

३

त्या दिवशी गेमेंटेमध्ये यशची अपॉइंटमेंट होती, पत्ता नोंदवायची. सहा आठवडे थांबून मिळालेली. ऋषभने त्याला हाकलूनच दिलं होतं. पाच मिनिटांचं काम आहे, तू जा, पुन्हा तारीख मिळणार नाही, असं म्हणून.

"मी हे कुणालाच सांगितलं नाही," यश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी असतो तर ओढलं असतं त्याला."

"कदाचित. किंवा दोघे गेला असतात." प्रमिलाने त्याला डोळे पुसू दिले. धीर देण्याच्या बाबतीत ती कधीच फार उदार नव्हती. "तुझी नोंद मी वाचली. त्यात फक्त फाटक उघडं की बंद एवढंच आहे. फळ्यावर आणखी काय असतं?"

"एक आकडा असतो. ऋषभचा कंपोनंट दर सेकंदाला तो एकाने वाढवतो, मी जिवंत आहे हे दाखवायला. पण अहवालाच्या फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. कच्ची नोंद हवी असेल तर देतो."

"दे. आणि तू काही लपवतोयस असं अजूनही वाटतंय मला."

"नाही, मॅम. फक्त एक विचित्र वाटतं. मध्ये तीन आठवडे गाडी एकदाही अचानक थांबली नव्हती. ऋषभने खूश होऊन केक आणला होता, इथे ज्याची आनंदाची बातमी असते त्यानेच सगळ्यांना केक खाऊ घालायचा असतो ना. आणि तो गेल्यापासून लॅबमधली चाचणीची गाडी पुन्हा दिवसातून चार-पाचदा थांबायला लागलीय. बुधवारपासून. जणू तोच सगळं धरून होता."

प्रमिला भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हती. तिने वहीत बुधवार लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

गाडीचा कंपोनंट आनेकेचा. ही डच बाई पंचेचाळिशीची, स्पष्ट बोलणारी. इतकी स्पष्ट की पुण्या-मुंबईची पोरं मीटिंगनंतर जिन्यात उभी राहून एकमेकांना विचारायची, ती चिडली होती का रे? ती मुळीच चिडलेली नसायची.

"तुम्ही मला हेच विचारायला आलात, की माझी गाडी तो वाढता आकडा का तपासत नाही," आनेके इंग्रजीत म्हणाली. "पूर्वी तपासायची. आकडा दोन सेकंद वाढला नाही की ब्रेक. मी तो भाग काढला."

"कधी?"

"चार महिन्यांपूर्वी. तपासणीत शेरा आला की गरज नाही, लिहिणारा मेला की फळा उतरतोच, याची हमी मेमरी मॅनेजर देतो. शेरा बरोबर होता. तोच तर या सिस्टीमचा पाया आहे. अरुण तो पाया मोडणार नाही."

"ऋषभबद्दल तुमचं मत काय होतं?"

"चांगला माणूस, त्याचं सॉफ्टवेअर मात्र कच्चं. मी मीटिंगमध्ये त्याच्यासमोर म्हटलं होतं, हे असंच चाललं तर त्याचा करार वाढवू नये. नंतर अरुण मला म्हणाला, असं सगळ्यांसमोर बोलायचं नसतं. मी म्हटलं, मग कुठे बोलायचं?" तिने लॅपटॉप मिटला. "मला वाईट वाटतं. पण मी पुन्हा तेच म्हणेन."

निघताना आनेकेने तिला एका माणसाचं नाव दिलं. याप नावाचा वेल्डर, शेजारच्या आवारात काम करणारा. त्याने काहीतरी पाहिलं होतं म्हणे, पण मसुद्यात त्याचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी याप हातमोजे काढत प्रमिलाला म्हणाला, "मी त्यांना सांगितलं होतं. तो मुलगा फाटकापाशी उभा होता. दिवा हिरवा होईपर्यंत थांबला. झाला, तेव्हाच आत गेला."

४

त्या संध्याकाळी प्रमिला हॉटेलवर गेली नाही. निरीक्षकांकडे अपघाताच्या दिवशीची सिस्टीम जशीच्या तशी सीलबंद होती. तिची प्रत तिने मागून घेतली आणि कंपनीच्याच एका रिकाम्या खोलीत जाऊन बसली. ऑफिसात चालू असलेलं सॉफ्टवेअर तिने उघडलंही नाही. बुधवारी काहीतरी बदललंय अशी शंका आल्यावर मंगळवारचा पुरावा बुधवारनंतरच्या घरात शोधण्यात अर्थ नव्हता.

आधी ऋषभचा कंपोनंट वाचला. आनेके म्हणाली तसं ते काम कच्चंच होतं. नवशिक्याच्या शिवणीसारखं, जागोजागी दुहेरी टाके. पण एका जागी ते टाके कामाचे होते. किल्ली फिरली की प्रोग्रॅम आधी फळ्यावर 'माणूस आत' लिहीत होता, मग ते लिहिलेलं स्वतःच पुन्हा वाचून बघत होता, आणि बरोबर दिसलं तरच फाटकावरचा हिरवा दिवा लावत होता. कुलूप दोनदा ओढून बघणाऱ्या माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम होता तो.

दिवा लागला होता, याचा अर्थ फळ्यावर लिहिलं गेलं होतं.

आता यशची कच्ची नोंद. दहा वाजून एकतीस मिनिटांपर्यंत आकडा सेकंदासेकंदाला वाढत होता. मग पाच हजार दोनशे आठवर तो अडकला. बत्तीसला, पस्तीसला, चाळीसला तोच आकडा. दहा बेचाळीसला, गाडी ऋषभपाशी पोचली तेव्हाही पाच हजार दोनशे आठच. आणि अकराही मिनिटं फळ्यावर लिहिलेलं होतं, 'आत कुणी नाही'.

तिने तिसरी यादी उघडली. कोणता कंपोनंट कधी कोसळून पुन्हा उभा राहिला याची ती यादी सिस्टीम आपोआप ठेवते आणि सहसा कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्या दिवशी दहा एकतीसला ऋषभचा कंपोनंट कोसळला होता आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा उभा राहिला होता.

प्रमिलाने मागची पानं चाळली. आदल्या दिवशी चार वेळा. त्याच्या आदल्या दिवशी पाच वेळा. तीन आठवडे रोज, अगदी केकच्या दिवशीसुद्धा सहा वेळा. कोसळणं कधी थांबलंच नव्हतं, थांबलं होतं ते फक्त गाडीचं ब्रेक मारणं.

तिला आता उत्तर माहीत होतं आणि ते तिला नको होतं. मग तिने तो शेवटचा कंपोनंट उघडला, जो तिने मुद्दाम शेवटासाठी ठेवला होता, आणि एका छोट्याशा फेरफारापाशी येऊन थांबली. त्याला दिलेलं शीर्षक होतं, 'किरकोळ साफसफाई'.

५

गुरुवारी सकाळी दहाला तिने तिघांना एका खोलीत बसवलं. आनेके, यश आणि अरुण. संचालकांना बाहेर थांबायला सांगितलं, ते त्यांना आवडलं नाही.

"ऋषभने किल्ली फिरवली," प्रमिलाने इंग्रजीत सुरुवात केली. "त्याच्या कंपोनंटने ते फळ्यावर लिहिलं, वाचून खात्री केली आणि दिवा लावला. हे सगळं घडत असताना गाडी वाचत होती की आत कुणीच नाही. दोघंही खरं सांगत होते. मग फळे दोन असले पाहिजेत."

यशने मान वर केली.

"दहा एकतीसला ऋषभचा कंपोनंट कोसळला, परत उठला आणि त्याने नवा फळा मागून घेतला. पुढचं सगळं त्याने नव्या फळ्यावर लिहिलं. गाडी मात्र जुना वाचत राहिली. तो फळा लिहिणाऱ्याबरोबर त्याच क्षणी उतरायला हवा होता. मग तो टांगलेला कसा राहिला? तीन माणसं हे करू शकतात आणि तिघंही इथे बसलेत.

"आनेके, तुमच्या गाडीने फळ्याची नक्कल स्वतःकडे करून ठेवली असती आणि तीच वाचत बसली असती, तर गाडी फसली असती. पण यशची नोंद फसली नसती. ती थेट फळा वाचते. तिच्यातही तोच अडकलेला आकडा आहे. म्हणून तुम्ही नाही.

"यश, तुला नोंद मागाहून बदलता आली असती, आपली गैरहजेरी झाकायला. पण गाडीची स्वतःची सीलबंद नोंद निरीक्षकांकडे आहे. तिच्यातही पाच हजार दोनशे आठ. तुझा हात तिथे पोचत नाही. म्हणून तू नाहीस.

"गाडीने एक वाचलं आणि नोंदीनेही तेच वाचलं. म्हणजे जुना फळा खरोखरच झरोक्यात टांगलेला होता, मालक नसलेला. फळा टांगणं आणि उतरवणं एकाच्याच हातात असतं."

आनेके हळूच अरुणकडे वळली. "तू पाया मोडलास?"

अरुणने उत्तर दिलं ते मराठीत, प्रमिलाला. "ताई, थोड्या क्षणांसाठीच ठेवायचा होता तो. नवा फळा येईपर्यंत. आला की सगळे पास गुपचूप नव्यावर वळवायचे. गाडी थांबायला नको, एवढंच. तीन आठवडे बरोबर चाललं."

"चाललं, कारण प्रत्येक वेळी जुना कंपोनंट मेल्याची खबर आधी यायची आणि नव्या फळ्याची मागणी नंतर. त्या मंगळवारी कंपोनंट इतक्या लवकर पुन्हा उठला की मागणी आधी आली. तुझ्या प्रोग्रॅमच्या हिशेबी जुना अजून जिवंतच होता, म्हणून त्याने पास वळवले नाहीत. नंतर खबर आली, तर तो नव्या फळ्याच्या मागणीची वाट बघत बसला. ती केव्हाच येऊन गेली होती." तिचा आवाज चढला नाही. "का केलंस हे?"

"आनेके जे बोलली त्या मीटिंगनंतर संचालक मला म्हणाले, आणखी एक महिना बघू. त्याचा व्हिसा नोकरीवर होता. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी, नाही तर परत. घरी कर्ज नव्हतं, अडचण नव्हती, पण त्याने इथे यायला काय काय केलं होतं मला माहीत होतं. त्याच दिवशी त्याने त्याच्या कोडमध्ये काहीतरी दुरुस्ती केली आणि मी रात्री माझ्या बाजूने हे टाकलं. सकाळी गाडी थांबली नाही. तो नाचायचा बाकी होता."

"आणि तू त्याला सांगितलं नाहीस."

"मी म्हटलं, तुझ्या दुरुस्तीने काम केलं." अरुण म्हणाला. "आपल्या माणसाची चूक चारचौघांत दिसू नये म्हणून आपण करतोच ना असं. सावकाश त्याच्याकडून नीट करून घेणार होतो मी."

यशने खुर्ची मागे सरकवली. त्याला अरुणजवळ बसवेना.

"बुधवारी तू तो फेरफार काढून टाकलास," प्रमिला म्हणाली. "म्हणून लॅबची गाडी परत थांबायला लागली. म्हणजे मंगळवारीच तुला कळलं होतं. मग मला कशाला बोलावलंस?"

अरुण म्हणाला, "मला वाटलं, तुम्हालाही सापडलं नाही, तर मग ते माझ्यामुळे झालंच नसेल."

प्रमिलाने आयुष्यात पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या. ही त्यातली सगळ्यात खरी होती आणि त्यामुळेच तिला अरुणचा मनस्वी राग आला. नऊ दिवस हा माणूस त्या घरी डबे घेऊन जात होता, आणि त्याच नऊ दिवसांत मसुद्यात ऋषभचं नाव दोषी म्हणून टाइप होत होतं.

"अहवाल मी लिहीन," ती म्हणाली. "निरीक्षकांपुढे जबाब तू देशील. पण त्याआधी ऋजुताला तू सांगायचंस. माझ्यासमोर, आजच."

६

दुपारी ऋजुताने दार उघडलं, तेव्हा घरात सामानाची खोकी पडली होती. रविवारचं विमान होतं. तिने अरुणच्या हाताकडे पाहिलं, आज डबा नव्हता.

"काही कळलं का, मॅडम?"

"ऋषभने किल्ली फिरवली होती," प्रमिला म्हणाली. "दिवा लागेपर्यंत थांबला होता. त्याने सगळं नियमाप्रमाणे केलं. अहवालात हेच येईल, माझ्या सहीने."

ऋजुताने डोळे मिटले. भिंतीला हात लावून ती उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच नीट रडली आणि प्रमिलाने तिला रडू दिलं. मग ऋजुताने तोंड पुसून विचारलं, "मग गाडी का नाही थांबली?"

प्रमिलाने अरुणकडे पाहिलं.

अरुणने सांगितलं. उभ्यानेच, काही न लपवता. कंपोनंट कोसळायचा थांबला नव्हता हे सांगितलं, आपण ते झाकलं हे सांगितलं, का झाकलं तेही. केकच्या दिवसाचं सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. त्याचं संपल्यावर ऋजुता त्याच्याकडे बघत राहिली, ओळखीचा माणूस नीट ओळखू येत नसावा तशी.

"म्हणजे त्याला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "त्याचं अजून चुकतंय हे."

"नाही."

"त्या रात्री मला उठवून सांगितलं त्याने. म्हणाला, जमलं मला. इतके महिने वाटत होतं की मी या लोकांच्या लायकीचा नाही, पण जमलं." तिचा आवाज अगदी साधा होता. "ते तुमचं होतं."

"ऋजुता, त्याची नोकरी गेली असती. मी फक्त–"

"हो, गेली असती," ती म्हणाली. "नोकरी गेली असती, अरुणदादा. चार दिवस तो तोंड लपवून बसला असता. आम्ही सामान बांधलं असतं आणि नाशिकला परत गेलो असतो. तिघं. एवढंच झालं असतं."

ऋजुता खाली बसली आणि ऋषभचे शर्ट एकेक करून घडी घालून खोक्यात ठेवू लागली. प्रमिलाने दार उघडलं आणि अरुणला जबाबासाठी खाली घेऊन गेली.